प्रयोगवहीला खोडरबर चालत नाही

कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं पहिलं प्रॅक्टिकल सुरू होताना विद्यार्थ्यांच्या हाती नियमांचा एक कागद पडतो. प्रयोग आधी वाचून, स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवून या. नोंदी पेननेच करा. पानं फाडू नका. रीडिंग चिठोऱ्यावर घेऊन मागाहून वहीत उतरवू नका. उशिरा आलात तर प्रयोगाला बसता येणार नाही. काम जोडीनं करा, रिपोर्ट मात्र ज्याचा त्यानं लिहा. या कागदावरून दर वर्षी वाद होतो आणि दर वर्षी तो त्याच चाकोरीतून जातो. एक बाजू म्हणते, हा सगळा जुन्या काळचा जाच आहे. मुलांना विषय शिकवा, शिस्त नको, आणि आता तर हेच प्रयोग संगणकावर होतात. दुसरी बाजू म्हणते, मुलं नाजूक झाली आहेत. आम्ही केलं, त्यांनीही करावं. मी बरीच वर्षं हे पहिलं प्रॅक्टिकल शिकवते आहे, आणि दोन्ही बाजूंची चूक मला एकच दिसते. हे नियम म्हणजे विषयाभोवतीचं कुंपण आहे असं दोघंही धरून चालतात. भांडण उरतं ते कुंपण ठेवायचं की काढायचं एवढ्यापुरतं. माझं म्हणणं असं, की पहिल्या प्रॅक्टिकलात या अपेक्षा हाच अभ्यासक्रम आहे. आपण एक आकडा लिहिला तर तो कुठून आला, त्यात चूक किती असू शकते आणि तो तसाच का लिहिला, याचं उत्तर आपल्याला देता आलं पाहिजे, हे तिथे शिकायचं असतं. आणि ज्या प्रॅक्टिकलात नियम कडक आहेत पण हे शिकवलं जात नाही, तिथे विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, हेही मी त्याच दमात सांगते.

एका टेबलापाशी जाऊन पाहू. प्रयोग आहे ब्रॅडफर्ड पद्धतीनं प्रथिनाचं प्रमाण काढण्याचा. १९७६ साली मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी मांडलेली ही पद्धत इतकी सोपी आणि जलद आहे, की आजही पहिल्या सत्रात हमखास असते. कूमासी नावाचा तपकिरी रंग प्रथिनाला चिकटला की निळा होतो. ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात तो निळेपणा मोजायचा. माहीत असलेल्या प्रमाणांचा आलेख काढायचा आणि त्यावरून अज्ञात नमुन्याचं प्रमाण वाचायचं. विद्यार्थिनीच्या आलेखावर सात बिंदू आहेत. पहिले पाच पट्टी लावल्यासारखे एका रेषेत. शेवटचे दोन खाली झुकलेले. तिच्या एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात खोडरबर. ती विचारते, "मॅडम, हे शेवटचे दोन पॉइंट काढून टाकू का? बाकीचे छान सरळ येताहेत." मी विचारते, का काढायचे? ती मोकळेपणी सांगते, "सरळ रेषा आली नाही तर मार्क जातात ना?"

ते दोन बिंदू मुळीच चुकलेले नव्हते. प्रथिन वाढत गेलं की मोकळा रंग कमी पडत जातो, शिवाय रंगाच्या बांधलेल्या आणि मोकळ्या रूपांचं प्रकाशशोषण एकमेकांवर चढतं. त्यामुळे हा आलेख वरच्या टोकाला वाकतोच. म्हणजे खोडरबराखाली जाणार होतं तेच त्या दिवशी शिकण्यासारखं होतं. तिचा अज्ञात नमुना नेमका त्या वाकलेल्या भागात पडत होता. सरळ रेषा ओढून तिनं उत्तर काढलं असतं तर ते खऱ्यापेक्षा कमी आलं असतं, आणि वही मात्र अगदी स्वच्छ दिसली असती. ती मुलगी आळशी नव्हती, अप्रामाणिकही नव्हती. आम्ही शिक्षकांनी तिला वर्षानुवर्षं जे शिकवलं तेच ती करत होती: उत्तर आधीच ठरलेलं असतं, आपलं काम तिथपर्यंत पोचण्याचं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेते, कारण तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. प्रॅक्टिकलमुळे विषय चांगला समजतो, हा आपला जुना दावा. तो तपासून पाहिला गेला आहे. भौतिकशास्त्रात नताशा होम्स आणि नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी ३ संस्थांमधल्या ९ प्राथमिक प्रयोगशाळा अभ्यासक्रमांचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष मांडला: वर्गातलं शिक्षण पक्कं व्हावं म्हणून घेतलेल्या प्रॅक्टिकलचा परीक्षेतल्या कामगिरीवर मोजता येईल असा काही परिणाम दिसला नाही. प्रॅक्टिकल केलेले आणि न केलेले, दोघांचे गुण सारखेच. हे वाचून पुष्कळ जण म्हणतात, मग बंदच करा. जीवरसायनशास्त्रात वेगळं निघेल असं मी म्हणणार नाही; मलाही तसं वाटत नाही. एन्झाइमचा, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया जलद करणाऱ्या पदार्थाचा, वेग समजण्यासाठी तीन तास उभं राहून चाळीस नळ्या भरण्याची गरज नाही, अर्ध्या तासाच्या चांगल्या व्याख्यानात तो समजतो. पण यावरून निघतं काय? प्रॅक्टिकल निरुपयोगी आहे, की आपण त्याच्याकडे भलतंच काम सोपवलं होतं? ताप मोजायच्या साधनानं उंची मोजता आली नाही म्हणून ते कोणी फेकून देत नाही. त्याच दोघांनी पुढे जे सुचवलं ते या वादात क्वचितच कोणी सांगतं: प्रॅक्टिकलानं सिद्धांत पडताळत बसू नये, प्रयोगातून आलेल्या माहितीवर किती भरवसा ठेवायचा हे शिकवावं. मी अपेक्षा म्हणते ते याच अर्थानं.

विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करावा, ही कल्पना तशी फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्राचा विद्यार्थी बहुधा बाकावर बसून प्राध्यापकांचं प्रात्यक्षिक बघायचा. १८२४ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी यूस्टुस फॉन लीबिग जर्मनीतल्या गीसेनला रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी तिथे विद्यार्थ्यांना स्वतः काम करायला लावणारी प्रयोगशाळा उभी केली. १८३१ साली त्यांनी पाच फुग्यांचं एक काचेचं उपकरण तयार केलं. पदार्थ जाळायचा, निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातल्या पोटॅशच्या द्रावणात शोषून घ्यायचा, उपकरणाचं आधीचं आणि नंतरचं वजन करायचं. वजनातल्या फरकावरून कार्बन किती ते कळतं. निष्णात माणसालाच जमावं असं विश्लेषण त्या साध्या काचेमुळे शिकाऊ विद्यार्थ्याच्या हाती आलं. पण काचेनं निम्मंच काम केलं. उरलेलं निम्मं सवयीनं केलं: वजन नीट करा, लगेच लिहा, पुन्हा करा, दोन उत्तरं जुळली नाहीत तर का ते शोधा. गीसेनहून बाहेर पडलेले विद्यार्थी ही सवय घेऊन देशोदेशी गेले. आज आपण व्हिडिओ दाखवून प्रॅक्टिकल 'झालं' म्हणतो तेव्हा नक्की कुठे चाललो आहोत? १८२४ च्या आधीच्या त्याच बाकावर. पडदा नवा आहे, एवढाच फरक.

संगणकावरच्या प्रयोगांबद्दल मला आकस नाही. २०२० साली प्रयोगशाळांना कुलपं लागली तेव्हा आम्हीही त्यांच्यावरच तगलो, आणि त्यांचे गुण मी जवळून पाहिले. विद्यार्थी तोच प्रयोग वीस वेळा करू शकतो, काही फुटत नाही, कोणाला भाजत नाही, घरी आजारी माणूस असेल तर रात्री बसूनही करता येतो. प्रयोगाची आखणी समजून घ्यायला, आकडेमोडीचा सराव करायला ती उत्तम सोय आहे. पण पडद्यावरचा ट्रिस बफर, म्हणजे आम्लता धरून ठेवणारं द्रावण, गरम-थंड होत नाही. खऱ्या प्रयोगशाळेत २५ अंशांना पीएच (आम्लता सांगणारा आकडा) ८.० करून ठेवलेला ट्रिस ४ अंशांच्या शीतखोलीत नेला की त्याचा पीएच जवळजवळ ८.६ होतो, कारण तापमान एक अंशानं उतरलं की तो साधारण ०.०२८ नं चढतो. विद्यार्थी बाटलीवरचं ८.० वाचतो आणि तेच वहीत लिहितो. एन्झाइमला मात्र बाटलीवरची चिठ्ठी वाचता येत नाही. पडद्यावरच्या, द्रव मोजून घ्यायच्या पिपेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकत नाही, नळीवरचा आकडा पुसला जात नाही, बर्फ वितळत नाही. तो प्रयोग लिहिणाऱ्यांना जे घडेल असं सुचलं तेवढंच त्यात असतं. ज्याचा कोणी आधी विचारच केलेला नाही त्या चुकीला सामोरं जायला मग कुठे शिकायचं?

पहिल्या आठवड्यात मी मुलांना प्रथिनाला हातही लावू देत नाही. मायक्रोपिपेट आणि तराजू, बस्स. १०० मायक्रोलिटर पाणी घ्या, तराजूवर सोडा, वजन लिहा, दहा वेळा. पाणी असल्यामुळे ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. एकाचं दर वेळी बरंच जास्त येत होतं. त्याला वाटलं तराजू बिघडला. मी त्याचा अंगठा बघत उभी राहिले. पाणी ओढताना तो बटण पहिल्या थांब्याऐवजी दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबत होता, त्यामुळे जास्तीचं पाणी आत येत होतं. मी काही न बोलता शेजारणीचा अंगठा बघायला सांगितलं. दोन मिनिटांनी तो हसला, आधीची दहा रीडिंग एका तिरक्या रेषेनं रद्द केली, बाजूला कारण लिहिलं आणि नव्यानं दहा घेतली. त्याच्या वहीतलं ते पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं. खोडलेलं सगळं वाचता येतं, आणि का खोडलं तेही.

पेनचा नियम यासाठीच आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांना, आणि खेदानं सांगते की काही शिक्षकांनाही, तो टापटिपीचा नियम वाटतो. खरं तर तो टापटिपीच्या विरुद्ध आहे. पेननं लिहिलं की चूक लपत नाही. एक रेघ मारून पुढे जावं लागतं. 'वही सुंदर हवी' म्हणणारा शिक्षक नकळत चिठोऱ्यावर रीडिंग घ्यायला शिकवत असतो, कारण सुंदर वही प्रयोगाच्या टेबलावर लिहिताच येत नाही. तिच्यावर डाग पडायला हवेत. घरी जाऊन उतरवलेल्या वहीत मूळ आकडे आणि त्यातला गोंधळ दोन्ही नाहीसे होतात.

प्रयोग आधी लिहून आणण्याची अपेक्षाही अशीच गैरसमजात सापडली आहे. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवून आणायचा असेल तर ती शिक्षा आहे, आणि तिला विरोध करणाऱ्यांच्या बाजूनं मी उभी राहीन. पण एक साधी गोष्ट बघा. प्रयोगात लिहिलेलं असतं: 'एन्झाइमचं दहापट विरलन करा.' न वाचता आलेला विद्यार्थी १ मिलिलिटर एन्झाइममध्ये १० मिलिलिटर बफर घालतो. एकूण झालं ११; म्हणजे विरलन दहापट नाही, अकरापट. असं लागोपाठ तीनदा करायचं असेल तर हजारपटीऐवजी १,३३१ पट होतं. पुढचं सगळं काम, गणित, आलेख कितीही बरोबर असले तरी उत्तर जवळजवळ पाव हिश्शानं चुकलं. घरी वहीत चार नळ्यांचं चित्र काढलं असतं आणि प्रत्येकीवर 'हे १, ते ९' असं लिहिलं असतं तर ही चूक कागदावरच पकडली गेली असती. प्रयोग चालू असताना मागे एन्झाइम मरत असतं. त्या घाईत डोकं शांत राहायचं असेल तर विचार आदल्या दिवशीच झालेला असावा लागतो. हजेरीचंही तेच. व्याख्यान चुकलं तर वही मागून घेता येते. बर्फावर ठेवलेलं अर्धवट शुद्ध झालेलं प्रथिन मात्र कोणासाठी थांबत नाही, आणि जोडीदार एकटा पडतो.

इतक्या बारकाव्यांनी खरंच काही फरक पडतो का, असा प्रश्न कोणी विचारला तर मी आमच्याच विषयातली सगळ्यांना पाठ असलेली दोन नावं पुढे करते. एन्झाइमचा वेग सांगणारं मायकेलिस आणि मेंटेन यांचं समीकरण पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घोकावं लागतं. पण त्या रूपाचं समीकरण त्यांच्या दहा वर्षं आधी, १९०३ साली, पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी मांडलं होतं. एन्झाइम तेच, साखर तोडणारं इनव्हर्टेज; साखर किती तुटली ते द्रावण प्रकाश किती वळवतं यावरून मोजायचं. मग नाव आंरींचं का रूढ झालं नाही? आंरींच्या प्रयोगात द्रावणाच्या आम्लतेवर ताबा नव्हता, आणि नव्यानं सुटलेला ग्लुकोज काही काळ आपलं प्रकाश वळवण्याचं प्रमाण बदलत राहतो, याचा बंदोबस्त नव्हता. मध्यंतरी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी पीएचची कल्पना मांडली. लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी बर्लिनमधल्या एका रुग्णालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग पुन्हा केला. बफर वापरून आम्लता धरून ठेवली, तापमान सांभाळलं, ठरावीक वेळेला नमुना काढून त्यात अल्कली घालून क्रिया थांबवली. त्यामुळे ग्लुकोजचं वळणही चटकन स्थिरावलं. शोधनिबंधात त्यांनी नुसतं समीकरण दिलं नाही, रीडिंगचे तक्ते छापले. २०११ साली केनेथ जॉन्सन आणि रॉजर गूडी यांनी १९१३ च्या त्या जर्मन निबंधाचं भाषांतर केलं आणि त्यातले आकडे संगणकाला दिले. ९८ वर्षांनी, आजच्या गणिती साधनांनी तपासूनही ते उत्तम जुळले. हुशारी आंरींकडे कमी होती असं कोणी म्हणणार नाही. फरक पडला तो बफरनं, घड्याळानं आणि तक्त्यांनी. आपण पहिल्या सत्रात शिकवतो त्याच गोष्टींनी.

इथवर मी अपेक्षांची बाजू मांडली. आता ज्यांच्या हाती त्या अपेक्षा असतात त्यांच्याबद्दल बोलायला हवं, कारण खरा दोष तिथे आहे. आपण मागतो प्रामाणिक नोंद आणि मार्क देतो 'बरोबर' उत्तराला. मी विद्यार्थिनी असताना एका एन्झाइमच्या प्रयोगात माझं उत्तर अपेक्षित आकड्याच्या दुपटीच्या पुढे गेलं. शेजारच्या टेबलावरचं 'बरोबर' आलं होतं. मी तीन रीडिंग बदलली. दहापैकी दहा मिळाले, पाठीवर थाप मिळाली, आणि माझं उत्तर दुप्पट का आलं हे मला कधीच कळलं नाही. त्या दिवशी कोणी एकच प्रश्न विचारला असता, 'ही रीडिंग किती वाजता घेतलीस?', तर सगळं उघड झालं असतं. कोणी विचारला नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

उत्तर आधीच माहीत असणं किती घातक ठरू शकतं, याचं जीवशास्त्रातलं उदाहरण माणसाच्या गुणसूत्रांचं आहे. १९२३ साली थिओफिलस पेंटर यांनी ती संख्या ४८ असल्याचं सांगितलं. पुढची तीस-बत्तीस वर्षं जगभर तीच शिकवली गेली. १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंडला जो हिन त्यो यांना पेशींमध्ये ४६ दिसली. अल्बर्ट लेवान यांच्यासोबत त्यांनी १९५६ साली ते प्रसिद्ध केलं. त्या निबंधाच्या शेवटी एक नोंद आहे, ती मी दर वर्षी वर्गात सांगते. त्याच्या आदल्या वसंतात त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी माणसाच्या भ्रूणाच्या यकृतपेशींवरचं काम थांबवून ठेवलं होतं, कारण त्यांना सगळी ४८ गुणसूत्रं सापडत नव्हती. मोजून मोजून ४६ च येत होती. म्हणजे खरं उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यांना वाटलं आपलंच कुठेतरी चुकतं आहे. ती नवशिकी मुलं नव्हती, मुरलेले संशोधक होते. ज्या वर्गात अपेक्षित आकडा फळ्यावर लिहून ठेवलेला असतो आणि त्यापासून जितकं दूर तितके मार्क कमी असतात, त्या वर्गात आपण नेमकी हीच खोड लावतो. २०१६ साली नेचर नियतकालिकानं १,५७६ संशोधकांना विचारलं तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं, की दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करायला गेल्यावर तो जमला नाही, असं त्यांच्या बाबतीत घडलं आहे. त्यामागे कारणं अनेक असतील. पण खोडरबर हातात घेण्याची सवय पहिल्या वर्षी लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरा मुद्दाही मला पूर्ण मान्य आहे: वेळेचा हिशोब अन्यायाचा आहे. प्रयोगशाळेत तीन-चार तास, आधीची तयारी, नंतरचा रिपोर्ट, आणि श्रेयांक मात्र व्याख्यानाच्या तासापेक्षा कमी. पोटापाण्यासाठी काम करून शिकणाऱ्या मुलाला हा भार वेगळाच पडतो. 'आम्हीही केलं' हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. बारा आठवड्यांत बारा प्रयोग कोंबण्याचा अट्टाहास तर मला समजतच नाही. बारा प्रयोग एकेकदा करून विद्यार्थी बारा वेळा गोंधळतो. चार प्रयोग तीन-तीनदा केले तर पहिल्यांदा गोंधळ होतो, दुसऱ्यांदा चूक सापडते आणि तिसऱ्यांदा आकड्यावर भरवसा बसतो. आजारपण, घरची अडचण यासाठी एखादा प्रयोग पुन्हा करण्याची सोय हवीच. एन्झाइम थांबत नाही हे खरं, पण पुढच्या आठवड्यात नवं एन्झाइम काढता येतं.

आणि हाताचं कौशल्य म्हणजे प्रॅक्टिकल, अशी समजूत असेल तर तीही सोडायला हवी. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स सम्नर मुळात डावखुरे; सतराव्या वर्षी अपघातात त्यांचा डावा हात गेला. हार्वर्डमध्ये जीवरसायनशास्त्र शिकायला गेले तेव्हा तिथले प्राध्यापक ऑटो फोलिन यांनी त्यांना वकिलीकडे वळण्याचा सल्ला दिला. एका हाताच्या माणसाचं रसायनशास्त्रात कसं व्हायचं? सम्नर यांनी नऊ वर्षं झटून १९२६ साली युरिएज या एन्झाइमचे स्फटिक मिळवले आणि एन्झाइम हे प्रथिन असतं हे दाखवलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिशार्ड विलश्टेटर यांच्यासारख्या दिग्गजांनी ते वर्षानुवर्षं मानलं नाही. १९४६ साली सम्नर यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणून नळी कोणी किती चपळाईनं भरली याला मार्क असूच नयेत. ज्याला पिपेट धरणं कठीण आहे त्याच्यासाठी जोडीदार धरेल, यंत्र धरेल. काय भरलं, किती भरलं आणि का, हे सांगण्याची जबाबदारी त्याची राहील. ती अपेक्षा कोणासाठी कमी करण्याचं कारण नाही.

'यातले बहुतेक जण थोडेच जीवरसायनशास्त्रज्ञ होणार आहेत?' हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. नाहीच होणार. पुष्कळ जण डॉक्टर होतील, औषधनिर्मितीत जातील, कोणी भलत्याच क्षेत्रात जातील. त्यांनाच हे जास्त लागणार आहे. रक्ततपासणीच्या कागदावर पोटॅशियम खूप वाढलेलं दिसतं. ज्यानं कधी स्वतः आकडा तयार केलेला नाही तो छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ज्यानं तयार केला आहे त्याच्या मनात आधी प्रश्न येतो: नमुना काढताना तांबड्या पेशी तर फुटल्या नाहीत? त्यांच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्या फुटल्या की नळीतलं पोटॅशियम वाढतं, रुग्णाचं नव्हे. असाच प्रश्न माझ्या वर्गात पडतो तो प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या पडद्यावर २.८७४ दिसल्यावर. तीन दशांश स्थळं बघून विद्यार्थ्याला वाटतं, किती अचूक! शोषण २ म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोचतो, ३ म्हणजे हजारातला एक. यंत्र जवळजवळ अंधारात चाचपडत असतं आणि तरी तीन दशांश स्थळं दाखवत असतं. नमुना विरळ करून पुन्हा वाचा, एवढंच मी सांगते. पुन्हा वाचल्यावर उत्तर बदलतं, आणि पडद्यावरच्या आकड्याकडे बघण्याची त्या विद्यार्थ्याची नजरही बदलते. रिपोर्ट आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहून घेता येतो, ही नवी काळजीही मला याच जागी सुटताना दिसते. यंत्र चर्चा उत्तम लिहील. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सातव्या नळीत फेस का आला, हे त्याला लिहिता येणार नाही, कारण ते तिथे नव्हतं.

त्यामुळे माझ्या वर्गात मार्कांची वाटणी मी बदलली. उत्तर अपेक्षित आकड्याच्या किती जवळ आलं याला शून्य मार्क. टेबलावरच्या नोंदीला सर्वात जास्त. मी प्रयोग चालू असतानाच वही बघते आणि पानावर सही करते. त्याखालोखाल 'माझं उत्तर चुकलं असेल तर कुठे' या एका परिच्छेदाला. तो परिच्छेद 'मानवी चूक झाली असावी' एवढ्यावर संपला तर काही मिळत नाही. कोणती नळी, कोणती पायरी, आणि तसं असेल तर उत्तर कोणत्या दिशेला सरकलं असतं, हे हवं. सहकाऱ्यांपैकी काहींना हे सैल वाटतं. पण बरोबर उत्तर शेजारच्या टेबलावरून मिळतं. असा परिच्छेद शेजारून मिळत नाही.

खोडरबरवाल्या त्या मुलीला मी त्या दिवशी उत्तर सांगितलं नाही. ते दोन बिंदू तसेच ठेव आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं ते ठरवून ये, एवढंच म्हटलं. ती आली तेव्हा वहीत तिनं आधीच नळ्यांचं चित्र काढलं होतं: अज्ञात नमुना दुपटीनं आणि चौपटीनं विरळ केलेला, वरच्या टोकाला दोन जादा बिंदू, प्रत्येक नळी तीनदा. संध्याकाळपर्यंत तिचा आलेख जास्तच वाकडा झाला होता. दोन्ही विरळ नमुने मात्र खालच्या सरळ भागात पडले, आणि दोन्हींवरून काढलेलं मूळ प्रमाण एकमेकांशी जुळलं. गेल्या आठवड्याचं उत्तर तिनं खोडलं नव्हतं. त्यावर एक रेघ होती, आणि बाजूला पेननं लिहिलेलं होतं: 'पान १४ बघा.'